कमानीच्या आत एकटा

५ सप्टेंबर

दवाखान्यातून घरी येऊन दहा दिवस झाले. घरी म्हणजे मुलीच्या घरी. चिझुरुनं वरची खोली रिकामी करून दिली आहे. खिडकीतून बिवा तळ्याचा एक तुकडा दिसतो, रुमालाएवढा. तेवढा पुरतो.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "बाबा, सहा महिने मनाला धक्का बसेल असं काही होऊ द्यायचं नाही." मी म्हटलं, "चौऱ्याऐंशीव्या वर्षी धक्का बसावा असं जगात उरलंय काय?" ती हसली नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला विनोद लवकर पोचत नाही.

छाती उघडण्याआधी भूल चढत होती तेव्हा मला वाटलं होतं, किनुयो दिसेल. बायको जाऊन आठ वर्षं झाली, न्यायला आली तर तीच येईल. पण दिसला अकितो. आमचा धाकटा. आईच्या अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी दारात उभा होता तसाच, रबरी बूट घातलेला, अंगाला समुद्राचा वास. सगळे पाहुणे बसले होते, मंत्र संपत आले होते. मी उठून दारात गेलो आणि म्हणालो, "आईसाठी ज्याला वेळेवर येता येत नाही, त्यानं आलं नाही तरी चालतं." तो वाकला, वळला आणि गेला. वादळामुळे त्या दिवशी होड्या बंद होत्या हे मला नंतर कळलं. कळूनही आठ वर्षं गेली. तो तिकडे उवाजिमाला मोत्यांच्या शिंपल्यांवर काम करतो. दर नवीन वर्षाला त्याचं कार्ड येतं, छापील; हातानं लिहिलेलं त्यात फक्त नाव.

आज पत्र लिहायला घेतलं. या नवीन वर्षाला त्यानं घरी यावं. मी जिवंत आहे तोवर.

पत्राला ऋतूचा मायना हवा. ऋतूचं नाव न घेता पत्र सुरू करणं म्हणजे पायताणांसकट चटईवर चढणं. एकेचाळीस वर्षं मी शाळेत हेच शिकवलं. लिहिलं: "उन्हाळा सरला म्हणतात, पण धग उंबरठ्यावर रेंगाळते आहे." वाईट नाही.

१९ सप्टेंबर

नात नागिसा चहा घेऊन आली. सतरा वर्षांची आहे आणि जिभेला हाड नाही.

"आजोबा, अजून तेच पत्र?"

"तेच नाही. चौथं."

"मामाला फोनवर एक चित्र पाठवा ना. अस्वल हात जोडून 'माफ करा' म्हणतंय असं आहे माझ्याकडे. फुकटात."

"अस्वलाच्या तोंडून माफी मागायला मी काय सर्कशीत आहे?"

"मग स्वतःच्या तोंडून मागा."

"तेच तर चाललंय, मूर्ख मुली!"

तिनं कागदावर डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "यात तर नुसतं ऊनच आहे." आजच्या मुलांना धीर नाही. मायन्यातून मजकुरात उतरायला पायऱ्या लागतात.

८ ऑक्टोबर

एका रात्रीत धग गेली. सकाळी पायमोजे शोधावे लागले. म्हणजे पत्राची सुरुवात शिळी झाली! थंडीत बसून वाचणाऱ्याला धगीच्या गोष्टी सांगायच्या? विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी लाल शाई वापरली असती.

गल्लीत त्या पिवळ्या बारीक फुलांच्या झाडाचा वास सुटला आहे, गोड, अंगावर येणारा. तो घेतला मायन्यात. त्याबरोबर पुढचा परिच्छेदही बदलला, कारण धगीवरून आईच्या पंख्याची आठवण निघाली होती, ती आता कशी निघेल? हात थरथरतो. दोन कागद वाया गेले.

२२ ऑक्टोबर

टाकलं. एकदाचं टाकलं!

त्या फुलांचा सडा पडून गेला होता, म्हणून शेवटी "लांबत चाललेल्या रात्री" घेतल्या. दोन कागद भरले, अक्षर जमलं. मनातलं सगळं लिहिलं, मागे काही ठेवलं नाही. इतकं हलकं मला ऑपरेशननंतरही वाटलं नव्हतं.

चिझुरु घरी नाही. काल पहाटेच चार दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली. मी जावयाला, मोरिओला विचारलं, "पाण्याच्या कचेरीतल्या बाईला चार दिवस काय शिकवतात? पाणी खाली वाहतं हे?" मोरिओ चटया विणतो; शाळेत माझाच विद्यार्थी, अजून मला गुरुजीच म्हणतो. खाली बघत म्हणाला, "नवीन यंत्र आलंय, गुरुजी." खोटं बोलताना शाळेतही तो खालीच बघायचा. नवरा-बायकोचं भांडण झालं असावं. मी पडलो नाही त्यात.

टपालपेटीपर्यंत नागिसा सोबत आली. पाकिटावरचं नाव बघून म्हणाली, "आजोबा, द्या, मी टाकते उद्या शाळेत जाताना."

"अजिबात नाही. हे माझ्या हातानंच जायला हवं."

"आज नको ना टाकायला. पाऊस येईल."

"पेटीच्या आत कसला पाऊस?"

टाकलं आणि टप्प असा आवाज झाला. वळून पाहतो तर पोरगी रस्त्यात रडत उभी. मी पाठीवर हात ठेवला. तरुण मन आहे, म्हाताऱ्या बापाचा आणि रागावलेल्या मुलाचा समेट बघून भरून येणारच.

६ नोव्हेंबर

उत्तर नाही. पंधरा दिवस. उवाजिमा काही चंद्रावर नाही.

चिझुरु प्रशिक्षणाहून आल्यापासून तिचा आवाज बसला आहे, सर्दी म्हणते. रोज संध्याकाळी कामावरून येते आणि गाडीतच बसून राहते. मी खिडकीतून बघतो. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मग वर येते आणि म्हणते, "काय बाबा, जेवलात का?"

आज जेवताना मी म्हटलं, "तुम्ही दोघं लहान असताना आपण पानं लाल झाली की देवदर्शनाला जायचो. तळ्याकाठची करुणादेवी कान्नोन, मग डोंगराखालचं देवस्थान. तसं जाऊया एकदा. अकितो येईपर्यंत देवाच्या कानावर घालून ठेवतो."

चिझुरुनं वाटी खाली ठेवली. "देवस्थान नको बाबा. पायऱ्या फार आहेत."

"सात आहेत. मी मोजलेल्या आहेत."

शेवटी मोरिओ म्हणाला, "तेवीस तारखेला जाऊ. सुट्टी आहे. तसंही त्या दिवशी माझ्या ओळखीच्या देवळात आमचं थोडं काम आहे. एका फेरीत होईल सगळं." चिझुरुनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी असतो तर वाटीत बुडालो असतो.

१६ नोव्हेंबर

काहीतरी शिजतं आहे आणि ते माझ्याबद्दल आहे.

काल चिझुरु टेबलाशी एक जाड छापील पुस्तक चाळत होती, वर पांढऱ्या फुलांचं चित्र. मी आलो तसं पटकन उशीखाली सारलं. वृद्धाश्रमांची असली पुस्तकं मी दवाखान्यात पाहिली आहेत, फुलांशिवाय त्यांना दुसरं चित्र सुचत नाही.

आज म्हणाली, "बाबा, यंदा नवीन वर्षाची कार्डं लिहू नका."

"का?"

"टपाल महागलंय. शिवाय तुमचा हात..."

"अगं, ज्या घरात कुणी गेलंय तेच कार्डं पाठवत नाहीत. घरात सगळे धडधाकट असताना आपण गप्प बसलो, तर लोक काय समजतील?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी नव्हतीच घासायला.

म्हणजे माझी गणती आताच गेलेल्यांत झाली म्हणायची. जुन्या गोष्टीत मुलगा म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन डोंगरावर सोडायला जातो. आता गाडीनं नेतील, वाटेत देवदर्शनही घडवतील. वर्गात ती गोष्ट सांगताना माझा आवाज दाटायचा. पोरं म्हणायची, गुरुजींच्या डोळ्यांत कुसळ गेलं.

२४ नोव्हेंबर

कालच्या सहलीबद्दल सकाळच्या उजेडात लिहितो आहे. काल संध्याकाळी हात उचलवत नव्हता.

आठला निघालो. मोरिओ चालवत होता, शेजारी मी. मागे चिझुरु आणि नागिसा. दोघी काळ्या कपड्यांत. मी म्हटलं, "पानं लाल, आकाश निळं, आणि तुम्ही दोघी कावळ्यांसारख्या!" नागिसा म्हणाली, "फॅशन आहे, आजोबा." मोरिओनं सदऱ्याच्या खिशातून जपमाळ काढून समोरच्या खणात ठेवली. इतका धार्मिक तो कधी झाला कोण जाणे.

पहिली कान्नोन. गाव पंधरा घरांचं, देऊळ गोठ्याएवढं, पुजारी नाहीच. किल्ली गावातल्या एका घरी असते आणि पाळी फिरते. किल्ली घेऊन आलेली आजी माझ्याच वयाची होती, कमरेत पूर्ण वाकलेली. दाराशी थांबून तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"कोयानो गुरुजी ना तुम्ही? अजून आहात?"

"आहे म्हणायचं. तुम्ही?"

"मला न्यायला कुणाला सवड नाही." ती दात नसलेल्या तोंडानं हसली. "दोन पोरं घेऊन यायचात. थोरली शहाणी. धाकटा त्या घंटेच्या दोरीला लोंबकळायचा, मी फोकानं मारलंय त्याला. काय करतो आता?"

आठ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला की मी विषय बदलत आलो आहे. भाषेची पदवी घेतलेला मुलगा मास्तरकी सोडून शिंपले घासतो, हे कसं सांगायचं? पण काल मी म्हणालो, "मोत्यांच्या कामात आहे. दक्षिणेला. हात फार कुशल आहेत त्याचे. नवीन वर्षाला येणार आहे." म्हणताना मला खरंच अभिमान वाटला. खोटं सांगत नाही.

"आला की घेऊन या," आजी म्हणाली. "दोरी नवीन बांधलीय म्हणावं."

मागे काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला. चिझुरु पायातले मोजे सावरत बाहेर गेली होती. आजीनं मूर्तीवरचा पडदा सरकवला. लढायांच्या काळात गावानं ही मूर्ती भातखाचरात पुरून ठेवली होती, त्यात तिचे हात गेले. तरी चेहऱ्यावर तक्रार नाही. मी हात जोडले. मनात ओळी येत होत्या, पण जुळेनात.

जेवायला तळ्याकाठी थांबलो. मी बांगडा घातलेल्या शेवया मागवल्या. त्या तिघांनी नुसत्या शेवया घेतल्या, वर पालेभाजी. मोरिओसुद्धा, जो कांद्याच्या पातीबरोबर बैल खाईल.

"हे काय, सगळ्यांना एकदम वैराग्य?"

"वजन वाढलंय, गुरुजी."

मी माझ्या वाटीतला अर्धा बांगडा चिझुरुच्या वाटीत टाकायला गेलो, लहानपणी टाकायचो तसा. तिनं वाटीवर हात धरला. एवढंसं, पण मला ते लागलं.

मग देवस्थान. लाल कमान दुरूनच दिसते, दोन्ही बाजूंना देवदार. किनुयो गेली तेव्हा पन्नास दिवस मी असल्या कमानीखालून गेलो नव्हतो. बाजारात जायचं तर गल्ली बदलून जायचो. बुद्धाला मृत्यूचं वावडं नाही, पण कमानीतल्या देवाला आहे. सुतकातलं पाऊल त्याला चालत नाही. ते पन्नास दिवस संपून पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मी एकटाच होतो. म्हणून काल वाटलं, आज भरल्या घरानं जाऊ.

कमानीशी आलो तर मोरिओ म्हणाला, "गाडी इथं लावता येत नाही, मी थांबतो." तिथं चार गाड्या लावलेल्या होत्या.

"नागिसा, चल."

"माझा पाय दुखतोय."

"चिझुरु?"

ती कमानीपासून पाच-सहा पावलं अलीकडे उभी होती, हात छातीशी घट्ट. "बाबा, तुम्ही दमलात. इथूनच नमस्कार करा ना. देवाला दिसतं."

"मी दमलेलो नाही. तुम्हाला लाज वाटते का माझ्याबरोबर यायची?"

"बाबा, नका जाऊ." ती इतक्या काकुळतीनं म्हणाली की शेजारून जाणाऱ्या बाईनं वळून पाहिलं.

तेव्हा मला वाटलं, माझी शंका खरी आहे. बापाला कुठंतरी टाकायचं मनात ठरवून देवासमोर उभं राहायचं धाडस तिघांनाही झालं नाही. पोरं वाईट नाहीत, म्हणून तर धाडस झालं नाही. मी एकटाच गेलो. सात पायऱ्या, मध्ये एकदा थांबलो. तोंड धुतलं, हात धुतले, दोनदा वाकलो, दोन टाळ्या वाजवल्या. इतक्या जोरात की देवदारावरचं पाखरू उडालं. स्वतःसाठी काही मागितलं नाही. म्हटलं: अकितोला घरी आण. जसा असेल तसा आण. बुटांसकट येऊ दे.

प्रवासात सांभाळणारा एक ताईत घेतला, निळ्या रेशमाचा. परत येऊन चिझुरुच्या हातात दिला. "हा त्याला पाठव. रेल्वे, होडी, सगळ्याला चालतो." तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि घशातून एक आवाज काढला, उचकीसारखा. मोरिओ म्हणाला, "चला, उशीर होतोय, तिकडे वाट बघत असतील."

'तिकडे' म्हणजे त्याच्या ओळखीचं देऊळ. मोठं आहे, बुद्धाचं. तिथं मात्र तिघंही पटपट आत! पुरोहित तरुण, गोरटा. त्यानं चिझुरुसमोर फार खाली वाकून नमस्कार केला आणि मला बघून गोंधळला. तिनं मान हलवली. मग मला एका खोलीत नेऊन बसवलं, शेगडी, चहा, खिडकीतून मॅपलचं एक झाड. "अर्धा तास, बाबा. आमचं काम आहे." चटयांचा हिशेब असेल.

भिंतीपलीकडे कुणाचा तरी विधी चालू झाला. कागदी दारातून मंत्र येत होते, मधूनच घंटा. तरुण असला तरी पुरोहिताचा गळा छान आहे. कुणीतरी बाई फार रडत होती. मला त्या अनोळखी घराची कीव आली. आपल्या घरचं नाही, या विचारानं थोडं बरंही वाटलं, हेही लिहून ठेवतो. त्या दिशेला वळून मी हात जोडले. आणि मग सकाळपासून अडलेल्या ओळी आल्या:

शेजारच्या दालनात
कुणाच्या तरी नावे घंटा.
चहा निवतो.

चांगली आहे. बऱ्याच वर्षांत इतकी सरळ आलेली नाही. मग डुलकी लागली.

परतताना गाडीत मीच म्हणालो, "कुठं ठेवणार आहात मला, ते सांगून टाका. मी रडारड करणार नाही."

"काय?" चिझुरु म्हणाली.

"वृद्धाश्रम. मी पुस्तक पाहिलंय. फुलांचं."

मागच्या सीटवर ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, मग नागिसाही. मोरिओनं गाडी कडेला घेतली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला कुठंही ठेवणार नाही. मरेपर्यंत माझ्याकडेच राहायचंय तुम्हाला. ऐकलंत?"

"मग हे सगळे लाड कशासाठी?"

मोरिओनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. गाडीत खिडक्यांवर आमच्या श्वासांचं धुकं साचलं होतं.

२८ नोव्हेंबर, दुपार

पार्सल आलं! उवाजिमाहून!

अकराला घंटा वाजली. घरात मी एकटाच. संत्र्यांचं खोकं आहे, दोरीनं छान बांधलेलं. चिझुरुच्या नावावर आहे, म्हणून उघडलं नाही. पाठवणाऱ्याचं नाव होरिउचि साए. बाईचं नाव! आता अक्षर बघत बसलो आहे. गोल, नेटकं अक्षर आहे, घाई नसलेलं. त्यानं लग्न केलं असेल का? केलं असेल आणि मला सांगायची लाज वाटत असेल. बायकोच्या हातानं आधी खोकं पाठवायचं, मग स्वतः यायचं, ही त्याचीच पद्धत. लहानपणीही परीक्षेचा निकाल आईच्या हाती पाठवायचा आणि स्वतः दाराआड.

खोकं हलकं आहे. तिकडची संत्री पातळ सालीची असतात.

टेबलावर मधोमध ठेवलं आहे. केस विंचरले. चिझुरु सहाला येईल.

३ डिसेंबर

पाच दिवस वही उघडली नाही. लिहायची सवय आहे म्हणून लिहितो, दुसरं कारण नाही.

ती आली, खोक्यावरचं नाव वाचलं आणि कोट न काढताच खाली बसली.

"बाबा, हे मी नंतर उघडते."

"आत्ता उघड. संत्री नासतील."

"संत्री नाहीत त्यात."

"तुला काय माहीत?"

मग तिनं दोरी सोडली. एक करडा स्वेटर. चष्मा. भरती-ओहोटीच्या वेळांचं कॅलेंडर, ऑक्टोबरवरच थांबलेलं. आणि वर रबर लावलेली टपालाची गड्डी. विजेचं बिल, कसलीशी जाहिरात, त्याखाली एक लांब पाकीट. मी आधी माझं अक्षर ओळखलं. नावाचा शेवटचा फराटा छान वळला होता. मग दिसलं की पाकीट बंद आहे.

होरिउचि ही त्याची घरमालकीण. खोली रिकामी करताना पेटीत हे सापडलं, असं तिनं चिठ्ठीत लिहिलं होतं. त्याच्याबद्दल भूतकाळात लिहिलं होतं.

वीस ऑक्टोबरला सकाळी. तराफ्यावर शिंपले घासता घासता तो खाली बसला. बरोबरच्यांना वाटलं, काही पडलं म्हणून शोधतोय. हृदय. आमच्याच घरातलं हृदय. माझं उघडून दुरुस्त केलं, त्याचं कुणी बघितलंही नाही. चिझुरु गेली, तिथंच दहन केलं, अस्थी घेऊन आली. एकटीनं. तेच तिचं प्रशिक्षण. आणि ते फुलांचं पुस्तक, सांत्वनाला आलेल्यांना द्यायच्या परतभेटींचं.

मी पत्र टाकलं बावीसला.

पाच सप्टेंबर ते बावीस ऑक्टोबर, सत्तेचाळीस दिवस. उवाजिमाला पत्र तीन दिवसांत पोचतं. मी ऋतू नीट बसायची वाट बघत होतो.

"मला सांगायचं नाहीस?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले होते, धक्का..."

"मला वाचवून काय करणार होतीस?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पण गेलात तर मी काय करणार होते, तेही माहीत नव्हतं."

त्या दिवशी भिंतीपलीकडे रडणारी बाई तीच होती. त्याचा पस्तिसावा दिवस होता, पाचव्या आठवड्याचा विधी. अस्थी तिथंच होत्या, माझ्यापासून एका कागदी दारावर, आणि मी गरम शेगडीशी बसून ओळी जुळवत होतो. वर चांगली आहे असंही लिहिलं. मागचं पान काढून त्या ओळींवर काट मारली. काट मारून काही होत नाही. खालचं वाचता येतंच.

आणि देवस्थान. सुतकातला बाप टाळ्या वाजवत देवाच्या दारात गेला आणि मेलेल्या मुलाला घरी आण म्हणाला. तिनं 'नका जाऊ' म्हटलं होतं. नागिसा म्हणते, "आजोबा, तुम्ही पायऱ्या उतरताना इतके खूश दिसत होता, की आईला खरं सांगवलं नाही." देवाचा राग मला समजेल. पण देव रागावल्यासारखाही वाटत नाही. तिथं कुणी नव्हतंच, असं वाटतं.

कविता वाचवत नाही. पुस्तक उघडलं की सगळीकडे पानं गळताहेत, बगळे उडताहेत. कुणी कुणाला काही सांगतच नाही.

७ डिसेंबर

एकोणपन्नासावा दिवस, सुतकाचा शेवटचा. दुपारी अस्थी कबरीत ठेवल्या, किनुयोशेजारी. आईबापानं मुलाच्या अंत्यविधीला जाऊ नये असं जुने लोक म्हणतात, क्रम उलटा होतो म्हणून. मी गेलो. क्रम काय तो आधीच उलटला आहे.

निघण्यापूर्वी सकाळी चिझुरु वर आली. काळ्या पोशाखात, हातात ते पाकीट.

"बाबा, हे त्याच्याबरोबर ठेवायचं का? पुरोहितांना विचारलंय, चालतं म्हणाले."

"दे इकडे. तपासल्याशिवाय मी कधी वही परत दिलेली नाही."

कागदकात्री मिळेना, फळांच्या सुरीनं फोडलं. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. मी मोठ्यानं वाचलं. वर्गात वाचायचो तसाच आवाज लागला, त्याला मी काय करू?

"लांबत चाललेल्या रात्रींत दिव्याची वात जरा चढवून हे लिहितो आहे. तळ्यावर रानबदकांची पहिली रांग उतरली. तिकडच्या समुद्रावर काय उतरत असेल?" मग गल्लीतला फुलांचा वास, जो आता उरला नाही म्हणून अधिकच जाणवतो. मग आईनं ओसरीत वाळत घातलेली सोललेली फळं आणि त्यांच्या सावल्या. मग कान्नोनच्या घंटेला लोंबकळलेला मुलगा आणि फोक घेऊन धावलेली आजी. पहिला कागद संपला. दुसऱ्यावर माझं ऑपरेशन, दोन ओळींत. मग डोंगरावरचं धुकं. मग: "थंडी वाढेल, प्रकृतीस जपावे. नवीन वर्षी सवड झाल्यास येऊन जावे." मग तारीख, आणि माझं नाव.

चिझुरुनं बाहीनं डोळे पुसले. "छान लिहिलंय, बाबा."

मी कागद पुन्हा वरून खाली पाहिले. मला आठवत होतं की मी लिहिलं आहे. दारातली ती संध्याकाळ, बंद पडलेल्या होड्या, माझं तोंड. लिहून झाल्यावर किती हलकं वाटलं होतं! मी ते कागद तिच्याकडे दिले.

"बघ गं. मला चष्म्यातून नीट दिसत नाही. कुठं म्हटलंय का मी?"

"काय?"

"माझं चुकलं, म्हणून."

खालून मोरिओनं हाक मारली, "गुरुजी, निघायला हवं." ती उठली नाही. तिनं पहिला कागद वाचला, बोट फिरवत, एकेक ओळ. मग दुसरा. मग दोन्ही उलटे करून पाहिले.

"मागं कोरंच आहे, बाबा," ती म्हणाली.